एएफएमसीची मुलाखत: आत काय विचारतात, बाहेर काय चालतं

एमबीबीएसच्या प्रवेशाला मुलाखत असते असं सांगितलं की आमच्याकडे लोक आधी विश्वासच ठेवत नाहीत. नीटचे मार्क आले, रँक आली, सीईटी सेलची यादी लागली, कॉलेज मिळालं. या सगळ्यात विद्यार्थ्याला तोंडी एक प्रश्नही कुणी विचारत नाही. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज पूर्वी मुलाखती घ्यायचं. नीट सक्तीची झाल्यावर प्रवेशाच्या पद्धतीचा वाद कोर्टात गेला आणि २०१७ साली त्यांनी एमबीबीएसच्या शंभरपैकी एकच जागा भरली. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात, म्हणजे एएफएमसीत, मात्र नीटनंतरही मुलाखत होते. ती मी दिली आहे. लातूरला क्लास करून, घरात फौजेतलं कुणीही नसताना दिली आहे. जाण्याआधी मला हे सगळं सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट नोंदणीची. एमसीसीच्या, म्हणजे देशभरातले मेडिकल प्रवेश बघणाऱ्या समितीच्या, संकेतस्थळावर नोंदणी करताना एएफएमसीची पसंती टाकावी लागते. ती टाकली नसेल तर मार्क कितीही असोत, बोलावणं येत नाही. आमच्या बॅचमधल्या कितीतरी हुशार मुलांनी ‘आपल्याला स्टेट कोट्यातून मिळतंयच’ म्हणून तिकडे बघितलंही नाही. पसंती टाकलेल्यांतून नीटच्या मार्कांवर यादी लागते आणि पुण्याला बोलावतात. मी गेले तेव्हा मुलांच्या ११५ आणि मुलींच्या ३० जागा होत्या, शिवाय मित्रदेशांतून येणाऱ्यांसाठी ५. मुलींचा कटऑफ मुलांपेक्षा वर का असतो, ते या आकड्यांवरूनच कळतं.

आता मार्कांचा हिशेब. नीटचे ७२० आणि पुण्यात होणाऱ्या टीओईएलआर या इंग्रजी आणि तर्काच्या परीक्षेचे ८०, असे ८०० धरून ते २०० वर आणायचे. त्यात मुलाखतीचे ५०. एकूण २५०. म्हणजे नीटमधला चार मार्कांचा एक प्रश्न इथे एका मार्काचा होतो. मुलाखतीत एखादीला तुमच्यापेक्षा दहा मार्क जास्त पडले, तर नीटमधले चाळीस मार्क तिने तिथल्या तिथे भरून काढले. एकेका मार्कासाठी जागरणं केलेल्या मुलांना हे अन्यायाचं वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते मुलाखतीबद्दल सांगताना येईलच. (नियम आणि आकडे दरवर्षी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच बघा. क्लासवाले सांगतात ते बरेचदा जुनं असतं.)

लातूरला दोन वर्षं आम्ही बोललोच नाही, असं म्हटलं तरी चालेल. सकाळी क्लास, दुपारी अभ्यासिका, रविवारी टेस्ट. डाउट काउंटरवर गेलं तरी पेनाने प्रश्न क्रमांक दाखवायचा, सर वहीवर सोडवून देणार, आपण मान हलवायची आणि मागच्याला जागा द्यायची. चार पर्यायांतला एक गोल काळा करणं एवढीच आमची उत्तर द्यायची पद्धत. लातूर पॅटर्नवर माझा राग नाही, त्याच्याच जिवावर मी आज मेडिकलला आहे. पण तिथून निघालेल्या मुलीला ‘तुझं मत काय?’ असं विचारलं तर ती घाबरते, कारण तिचं मत बऱ्याच दिवसांत कुणी विचारलेलंच नसतं. मुलाखतीची खरी तयारी मला इथूनच करावी लागली.

पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. रात्री जेवणं झाली की ते ओट्यावर बसायचे आणि मला कुठल्याही विषयावर बोलायला लावायचे. गावातला पाण्याचा टँकर, मोबाइल, सोयाबीनचा भाव, काहीही. आधी मराठीत, मग तेच इंग्रजीत. इंग्रजी चुकलं तरी ते थांबवायचे नाहीत. मात्र मी ‘असं म्हणतात की’ अशी सुरुवात केली की लगेच थांबवायचे. “कोण म्हणतं? तू म्हण.”

गल्लीत एक निवृत्त सुभेदार काका राहतात. त्यांच्याकडे मी रँक शिकायला गेले होते. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, मग नौदलात यांना काय म्हणतात, हवाई दलात काय म्हणतात. ते त्यांनी सांगितलंच, पण जास्त उपयोगाचं निघालं ते त्यांचं पलटणीतलं आयुष्य. सकाळी सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची तपासणी, कशी होते, एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, कोण बसतं, पलटणीच्या डॉक्टरला आरएमओ साहेब म्हणतात आणि पलटण जिथे जाईल तिथे त्यांनाही जावं लागतं. “दवाखाना मागं ठेवून साहेब पुढं येतो, तेव्हा जवानाला बरं वाटतं,” असं काका म्हणाले. फौजी डॉक्टरचा दिवस कसा असतो हे मला पहिल्यांदा कळलं ते काकांच्या ओसरीवर. इंटरनेटवरचं एवढं वाचूनही ते कळलं नव्हतं.

पुण्यात मुलाखतीची तयारी करून देणारे वर्ग निघालेत. मी गेले नाही, पण गेलेल्या मुली हॉलमध्ये भेटल्या. त्यांच्या हातात छापील पानं होती आणि सगळ्यांच्या पानांवर तीच वाक्यं: कॉलेजची स्थापना १९४८, पदवीचं शिक्षण सुरू झालं १९६२ साली, ‘सर्व्हिस बिफोर सेल्फ’. माहिती बरोबरच आहे आणि ती असायलाही हवी. पण एका दिवसात इतक्या मुलांकडून तेच वाक्य ऐकल्यावर समोरच्या अधिकाऱ्याला मुलामुलांत फरक कसा कळणार? पाठ केलेलं उत्तर तुमचं नुकसान करतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

धाराशिवहून येणारी एसटी हडपसर सोडलं की सोलापूर रस्त्यानेच पुढे जाते आणि कॉलेज त्याच रस्त्यावर, रेसकोर्सच्या बाजूला आहे. पालकांना आत सोडत नाहीत. पप्पा बाहेर झाडाखाली थांबले, त्यांच्यासोबत केरळचे, हरयाणाचे, बिहारचे पालक. मोबाइल आधीच जमा. मग कागदपत्रं. आपल्या बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं आणि नीटच्या फॉर्मवर बरेच जण ते उलट भरतात. तपासणाऱ्याला महाराष्ट्राची ही पद्धत माहीत होती, त्यामुळे माझं अडलं नाही. पण स्पेलिंगमध्ये फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करूनच न्या. पप्पांनी फाइलमध्ये जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन क्रिमीलेअर असं सगळं क्रमाने लावलं होतं. त्यातलं काही लागलं नाही, कारण तिथे आरक्षण नाही. दहावीची मार्कलिस्ट, बारावीची मार्कलिस्ट, नीटची कागदं, ओळखपत्र आणि फोटो, मुख्य हेच.

टीओईएलआर म्हणजे इंग्रजीची समज आणि तर्क. चाळीस प्रश्न, तीस मिनिटं, संगणकावर. चुकीला अर्धा मार्क जातो. नीट दिलेल्याला अवघड नाही, फक्त उतारे भराभर वाचायची सवय हवी. मानसशास्त्रीय चाचणी वेगळी. तीत तोच प्रश्न वेगवेगळ्या तोंडाने पुन्हा येतो. कुठलं उत्तर त्यांना आवडेल याचा विचार करत बसलात तर गुंता होतो. जे आहे ते टाकत जा.

मुलाखतीच्या आधी वाट बघणं बरंच असतं. सातारच्या सैनिक शाळेचा एक मुलगा ताठ बसून होता आणि अगदी सहज बोलत होता. शेजारच्या मुलीचे वडील हवालदार होते, तिची शाळा दर तीन वर्षांनी बदललेली. अशा मुलांसमोर आपला निभाव लागणार नाही असं खेड्यातून आलेल्याला वाटतंच. पण ती फौजेच्या घरातली आहे म्हणून तिला सोपे प्रश्न आले नाहीत. बाहेर आल्यावर तिने सांगितलं, तिला विचारलं होतं: “वडिलांनी पाठवलं की तू आलीस?”

मला आत बोलावलं. टेबलापलीकडे तिन्ही दलांचे गणवेश होते: हिरवा, पांढरा, निळा. त्यात एक मॅडम होत्या. “मे आय कम इन, सर?” म्हणून आत गेले, सगळ्यांना गुड मॉर्निंग केलं, बसायला सांगितल्यावर बसले. आवाज कुणीही चढवला नाही. मधले सर तर ‘बेटा’ म्हणूनच बोलत होते. बोलणं इंग्रजीत झालं, अधूनमधून हिंदीही आली. व्याकरणाची एखादी चूक झाली तर कुणी भुवई उंचावली नाही.

पहिली काही मिनिटं नाव, गाव, घरी कोण कोण, शाळा. मग तिथे भरून घेतलेला माझा फॉर्म पुढे घेतला. छंदात मी खो-खो लिहिलं होतं.

“धाराशिवची आणि खो-खो. मग सारिका काळे माहीत असेल.”

ती आमच्याच जिल्ह्याची, तिच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. हे मला विचार करून सांगावं लागलं नाही, कारण ते आमच्या शाळेच्या मैदानावरचं बोलणं आहे. मग मॅडमनी विचारलं, शेवटचं कधी खेळलीस? दहावीत, म्हटलं. “म्हणजे आता तो छंद राहिला नाही.” मी म्हटलं, मॅडम, लातूरला दोन वर्षं मैदानावर पाय ठेवला नाही हे खरं आहे, पण नीट झाल्यावर पहिलं काम तेच केलं, आता शाळेच्या मुलींबरोबर संध्याकाळी पळते आणि दम लागतो. त्या हसल्या आणि पुढचा प्रश्न पांढऱ्या गणवेशातल्या सरांनी घेतला: खो-खोमध्ये गुडघ्याला सगळ्यात जास्त धोका कधी?

“पोलवर वळताना, सर.”

“का?”

“पाय मातीत रोवलेला असतो आणि अंग फिरतं.”

“आत काय तुटतं?”

“नक्की माहीत नाही, सर. आमच्या एका मुलीचा लिगामेंट गेला होता एवढं माहीत आहे.”

ते “गुड” म्हणाले आणि पुढे गेले. बारावीच्या मुलीला त्या लिगामेंटचं एसीएल हे नाव माहीत असावं अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. पाहिलेलं नीट सांगता येतं का आणि जिथे माहिती संपते तिथे थांबता येतं का, एवढंच ते बघत होते असं मला वाटतं. बायोलॉजीचा धडा कुणी विचारला नाही. त्यासाठी नीट झालेलीच असते.

मग तो प्रश्न आला. एएफएमसी का? एवढे मार्क आहेत, सरकारी कॉलेज गावाजवळ मिळेल, इकडे कशाला?

माझ्याकडे उत्तर होतं आणि ते खरं होतं. माझी आजी सास्तूरची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन करून गाव झोपलं होतं. आजी घराच्या दगडामातीखाली अडकली. तिला जवानांनी बाहेर काढलं आणि लष्कराच्याच डॉक्टरने तिचा हात बांधला. हे आमच्या घरात पिढीजात सांगितलं जातं. मी ते सांगितलं, तिघंही शांतपणे ऐकत होते. मग मधले सर म्हणाले, “हे आजीचं कारण झालं, बेटा. तुझं काय?”

हे वाचणाऱ्याने या प्रश्नाची तयारी आधी करावी, असं मला कळकळीने वाटतं. वडील फौजेत असोत, आजी असो, सिनेमा असो, ते बाजूला काढल्यावर खाली तुमचं काय उरतं ते घरी बसून शोधायला हवं. मला पप्पांच्या ओट्याचा तिथे उपयोग झाला. मी सांगितलं की आमच्या भागातल्या एका आरोग्य केंद्राला इमारत आहे, खाटा आहेत, बाहेर डॉक्टरचं नाव लिहिलेलं आहे आणि डॉक्टरची जागा माझ्या शाळेच्या दिवसांत बहुतेक काळ रिकामीच होती. साप चावलेल्या माणसाला जीपमध्ये घालून पुढच्या गावाला नेलेलं मी पाहिलं आहे. पलटणीत डॉक्टरची जागा रिकामी ठेवून पलटण पुढे जात नाही, असं एका सुभेदारांनी मला सांगितलं. मला अशा ठिकाणी शिकायचं आहे जिथे डॉक्टरने तिथे असणं हीच पहिली अट आहे.

“मग शिकून गावाकडे जा. तुझ्या गावाला तुझी गरज जास्त आहे.”

“जाईन सर, पण आधी जी सही करेन तेवढी वर्षं पूर्ण करून.”

लगेच हिशेब विचारला. सही म्हणजे काय, किती वर्षं? बाँड किती रकमेचा? माहितीपत्रक वाचलं होतं म्हणून सांगता आलं: साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, त्यानंतर शॉर्ट सर्व्हिस म्हणजे सात वर्षं किंवा कायमस्वरूपी कमिशन. आणि मधेच सोडलं तर भरायची रक्कम तेव्हा साठ लाखांच्या पुढे होती. घरी ही चर्चा झाली का, असंही विचारलं. झाली होती. आईचा विरोध होता, तेही मी सांगितलं. त्यावर मॅडम म्हणाल्या, माझ्याही आईचा होता.

शेवटचा प्रश्न मला आजही डोक्यातून जात नाही. तू पुढच्या चौकीवर एकटी डॉक्टर आहेस. दोन जखमी आले, एक आपला, एक शत्रूचा. आधी कोण? मी म्हटलं, ज्याचा जीव आधी जाणार आहे तो. “शत्रूचा जवान जास्त गंभीर आहे. आपल्या जवानाचा जोडीदार शेजारी उभा आहे, हातात रायफल आहे आणि तो ओरडतोय, आधी माझ्या भावाला बघा. आता?” मी थोडा वेळ गप्प राहिले. कुणी घाई केली नाही. मग म्हटलं, त्याच्याच हातात काम देईन, भावाच्या जखमेवर दाबून धर म्हणून सांगेन, आणि दुसऱ्याला बघायला घेईन. “त्याने ऐकलं नाही तर?” म्हटलं, सर, मग मोठ्या आवाजात सांगेन. ते बरोबर की चूक हे कुणी सांगितलं नाही. पुढे मेडिकलला आल्यावर वाचलं की १९४९ च्या पहिल्या जिनेव्हा करारातच लिहिलंय, उपचाराचा क्रम फक्त वैद्यकीय निकडीवर ठरवायचा. भारताने त्या करारावर सही केलेली आहे.

मुलाखतीचे ५० मार्क मला अन्यायाचे वाटत नाहीत ते यामुळे. सियाचीनला जाणारा डॉक्टर निवडायचा आहे, सतरा-अठरा वर्षांच्या मुलांतून निवडायचा आहे, आणि त्याला आयुष्याची इतकी वर्षं लिहून द्यायला सांगायचं आहे. एकदा समोर बसवून ‘तुला कळतंय ना तू काय करते आहेस?’ असं विचारणं हा त्या मुलाचाही हक्क आहे. राज्यातल्या कुठल्याही कॉलेजात मला हे कुणी विचारलं नाही. तिथे दरवाजा उघडा होता, मी आत गेले.

तात्पुरत्या यादीत नाव आलेल्यांची वैद्यकीय तपासणी होते आणि तिथे चांगली चांगली मुलं अडकतात. रंग ओळखायची चाचणी जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे आधीच करून घ्या. रंगांधळेपणा असलेल्या कित्येकांना तो आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. कानातला मळ साफ करून घ्या, दात तपासून घ्या, वजन उंचीप्रमाणे आहे का बघा, तळपाय सपाट आहेत का तेही. अपात्र ठरवलं तर अपील बोर्डाकडे जाता येतं. त्याची मुदत थोडी असते, पुण्याहून लगेच घरी परतू नका.

माझं नाव प्रतीक्षा यादीत राहिलं आणि मुलींच्या तीस जागा वरच भरल्या. वाईट वाटलं, बरेच दिवस वाटलं. राज्याच्या कोट्यातून शासकीय महाविद्यालय मिळालं, तिथे मी शिकते आहे. पण सुभेदार काकांनीच सांगितलं की सिव्हिलमधून एमबीबीएस झालेल्यांनाही आर्मी मेडिकल कोअरमध्ये शॉर्ट सर्व्हिसने जाता येतं. जाहिरात निघते, अर्ज करायचा, आणि तिथेही मुलाखत असते. कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळी खो-खोचे पोल रोवलेत. आमच्या वर्षाच्या मुली खेळतात. इंटर्नशिप संपली की मी अर्ज करणार आहे, आणि ‘तुझं कारण काय?’ याचं उत्तर वॉर्डातल्या कामातून आत्तापासून जमवते आहे.